रावसाचं डोकं

३ नोव्हेंबर २००२, नोएडा

आज बिरजूचा दात पाडला.

बिरजू माझा कॅडी. म्हणजे गोल्फची बॅग उचलून माझ्याबरोबर चालणारा. चौदाव्या होलला त्याने सांगितलं, सात नंबरची आयर्न, म्हणजे लोखंडी पात्याची काठी, घ्या. घेतली. बॉल आखूड पडून तळ्यात. तरी पुढचा होल मी गपचूप खेळलो. मग त्याने टॉवेल पुढे केला आणि बोलला, "कोई बात नहीं भैया." त्या कोई बात नहींवर माझं डोकं फिरलं. कोपर घातलं तोंडात. दात माझ्या पांढऱ्या ग्लव्हवर येऊन पडला, बारीक शिंपल्यासारखा.

क्लबने महिनाभर बंदी घातली. मला फुकट शिकवतात ते कर्नलसाहेब नंतर एकटेच आले. जाताना हातात ही वही दिली. हाथ उठाने से पहले कलम उठा, म्हणाले. पहिल्या पानावर आपण कोण ते लिही.

लिहितो. ॲन्सेल्म. वसईच्या पाचूबंदरचा, कोळ्याचा पोरगा, वय चोवीस, शाळा सातवीपर्यंत. पुढे चेंबूरला मावशीकडे राहून शेठ लोकांच्या बॅगा उचलल्या. सोमवारी मैदान कॅडींना मोकळं असायचं, तेव्हा शेठनी टाकून दिलेल्या काठ्यांनी मारायला शिकलो. आता प्रोफेशनल आहे. इंग्रजी पेपरवाल्याने मला उगवता तारा लिहिलं, ते कात्रण कर्नलसाहेबांनी वाचून दाखवलं.

पान संपलं. कर्नलसाहेबांना वाटतं मी पस्तावलोय. मला अजून एक ठेवून द्यायची होती.

२१ नोव्हेंबर

आज घरी फोन केला. बाबाने घेतला.

"पेपरात फोटू आयला तुजा. सगल्या बंदराला दाखवला. पयला नंबर कधी?"

मी सांगितलं, देशातल्या प्रोफेशनलांच्या यादीत पहिल्या साठात राहिलो तर पुढचं वर्ष खेळता येईल. नाही राहिलो तर परत दुसऱ्याची बॅग. सध्या बावन्नावा आहे. बंदीमुळे खाली जाईन हे नाही सांगितलं.

"साठावा?" बाबा हसला. "पोरा, साठाव्याला काय माशाचा काटा देतत?"

फोन ठेवला आणि बूथचं दार लाथेने बंद केलं. काच तडकली. भरून दिली.

माशाचा काटा तो मुद्दाम बोलला. आमच्या घरी रावस आला की त्याचं डोकं बाबाच्या ताटात. बाबा म्हणजे सेबेस्टियन नाखवा, स्वतःची बोट असलेला माणूस. गालाचं मांस, डोळे, आतला गाभा, सगळं तो चोखून खातो. आम्ही शेपटीकडचे तुकडे. आजोबा होता तोवर डोकं आजोबाला. एक दिवस त्याने आपल्या हाताने उचलून बाबाच्या ताटात ठेवलं, तेव्हापासून बाबा नाखवा. कोणी काही बोलत नाही, देवळात फादर जाहीर करत नाही. ताटात डोकं पडलं की झालं. माझा मोठा भाऊ आल्बर्टदादा बत्तीसचा झाला, लहानपणापासून बोटीवर मरतोय, त्याला अजून मिळालेलं नाही.

ते मला पाहिजे. कप बिप सगळं ठीक आहे. पण बाबाने उचलून माझ्या ताटात ठेवलेलं पाहिजे.

२५ डिसेंबर, पाचूबंदर

नाताळला घरी आलो. नाक्यावर तरुण मंडळाने बोर्ड लावलाय, 'पाचूबंदरचा वाघ'. पेंटरने माझ्या हातात हॉकीची काठी रंगवलीय. मी हसलो. बाबा हसला नाही. पेंटरला शिव्या घालून आला.

देवळातली मिसा सुटल्यावर बंदरावर सगळे जमले. नव्या कपड्यांत होते तरी मासळीचा वास होताच. जयवंतकाका, ज्यांची बोट आमच्या शेजारी लागते, त्यांनी सुरुवात केली.

"बॉल आपनच मारायचा, आपनच शोधायचा. मग भांडायचं कोनाशी?"

"गोट्याच त्या. पन पँट इस्त्रीची."

सगळे खिदळले. बाबाच्या मानेवरची शीर उभी राहिली. मला म्हणाला, काठी आण. त्या शेवटच्या बोटीच्या पलीकडे टाकून दाखव.

मी बोललो, इथे दगड आहेत, माणसं आहेत, उगाच कोणाला लागेल.

"मी सांगतंय ना?"

सहा नंबरची आयर्न आणली. वाळूत बॉल ठेवला. दिल्लीत हजार माणसं बघत असतात तेव्हा घाम येत नाही. इथे पाठीवरून धार लागली. बॉल बोटीच्या पलीकडे गेलाच नाही, जयवंतकाकांच्या डोलकाठीला लागून परत आला आणि वाळूत मेल्यासारखा पडला.

"वाघ!" कोणीतरी ओरडलं.

बाबाने सगळ्यांच्या देखत कानाखाली मारली. चोवीस वर्षांच्या माणसाला. मला नंतरचं नीट आठवत नाही. आयर्न माझ्या डोक्याच्या वर होती आणि बाबा समोर तसाच उभा होता, मागे सरकला नाही. उलट त्याच्या तोंडावर कायतरी होतं, बघू या म्हणतात तसं. मग आयर्न खालीच येईना. मागून दादाने दांडी पकडली होती. जाळी ओढून त्याचे पंजे दगडासारखे झालेत. एका हाताने पकडली, हळू काढून घेतली, टॉवेलने पातं पुसलं आणि आईकडे दिली.

दुपारी रावस होता. डोकं बाबाने खाल्लं. एक डोळा काढून मांजरीला टाकला.

२६ डिसेंबर

दादा बोलला, "मी येतंव तुज्यासंगं. बॅग मी उचलतंव."

"बोट?"

"बाबा एखादा खलाशी बघल चार महिने."

बाबा कसा तयार झाला ठाऊक नाही. दोघं बोटीवर जाऊन बोलले. परत आले तेव्हा दादाचा ओठ फुटलेला. आई हळद घेऊन आली, विचारलं काही नाही. शेजारची विचारायला आली तर सांगितलं, ओट्यावरून पडला. आमच्या घरातली माणसं ओट्यावरून फार पडतात. ओटा दीड फूट आहे.

दादाला एक प्रॉब्लेम आहे, डाव्या कानाने ऐकू येत नाही. मी सातवीच्या सुट्टीत बोटीवर गेलेलो. जाळ्यातून एक मोठा रावस सुटला आणि फळीवरून घसरत माझ्या पायाजवळून पाण्याकडे निघाला. आमच्यात अशा वेळी पाय आडवा टाकायचा. विचार करायचा नाही. मी बघत राहिलो, मासा गेला. बाबाने दोराचं ओलं टोक फिरवलं, ते माझ्यासाठी होतं. दादा मध्ये आला, कानावर बसलं. नंतर बरेच दिवस पू यायचा. महिन्याभराने आईने मला चेंबूरला पाठवलं. दादा राहिला. त्यानंतर त्याच्या पायाजवळून एक मांदेली कधी पाण्यात गेली नाही, असं बाबा सगळ्यांना अभिमानाने सांगतो.

म्हणून बॅग घेऊन चालताना त्याला माझ्या डावीकडे ठेवावं लागेल. बाकी माणूस कामाचा आहे.

१९ जानेवारी २००३, नोएडा

दादाला खेळ कळत नाही. वारा बघायला बोट ओलं करून वर धरतो आणि हमखास उलटं सांगतो. खाडीचा वारा वेगळा, इथला झाडांत अडकून फिरतो. मी शिव्या दिल्या तर म्हणतो, "जरा हलू बोल, चांगल्या कानात बोलतस."

खोलीत आम्ही चार जण, सगळे पूर्वीचे कॅडी. दादाने घरून आणलेले सुके बोंबील भाजले. लखनौचा एक पोरगा नाक धरून बोलला, कौन मरा है. मी त्याचं डोकं तव्याकडे नेलं. केस करपल्याचा वास बोंबलापेक्षा वाईट असतो. दादाने मला कमरेला धरून उचलून बाहेर नेलं, पोराची माफी मागितली आणि त्याला जेवायला वाढलं. तो जेवला पण.

मी बोललो, तुझ्यासाठीच केलं. दादा बोलला, "मी कुठं मागितलेलं?"

कर्नलसाहेबांनी वही मागितली. वाचता येत नाही त्यांना, मराठी आहे. पानं मोजल्यासारखी चाळली आणि खूश झाले.

८ फेब्रुवारी

दोन स्पर्धा बऱ्या गेल्या, तिसऱ्यात दुसऱ्याच दिवशी बाहेर. यादीत सत्तावन्नावा. आता शेवटची एकच स्पर्धा, मार्चमध्ये.

बाहेर पडलो त्या दिवशी पार्किंगमध्ये झाडावर ड्रायव्हर आपटून मोडला. ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी. साल निघेपर्यंत झाडाला मारत होतो. दादा बाजूला बॅगेवर बसून राहिला. झाल्यावर तुकडे गोळा केले.

"झालं?"

"झालं."

"चल मग. भाकरी खाऊ." इथे भाकरी मिळत नाही, पण तो जेवणाला भाकरीच म्हणतो.

त्याला विचारलं, बाबा माझ्याबद्दल काय बोलतो? त्याने आधी बॅग खांद्यावर घेतली. मग बोलला, "तू घरी नाय तेवाच चांगलं बोलतो."

१५ मार्च, शनिवार

तीन दिवस झाले, उद्याचा एक. चांगला खेळतोय. कर्नलसाहेबांनी हिशोब केला, उद्या नेहमीसारखा खेळलो तरी साठात राहतो.

बाबाचा फोन आला क्लबच्या ऑफिसमध्ये. शिपाई धावत बोलवायला आला, मला वाटलं कोणी गेलं. बाबा बोलला, बंदरावर सगळ्यांना सांगून ठेवलंय, सोमवारी मोठा रावस आणतंय. मग थोडा थांबून, "डोकं कोनाला ते बगू."

हे पहिल्यांदा बोलला. पहिल्यांदा.

दादाला सांगितलं. तो बूट पुसत होता. बूट पुसतच राहिला. मला जरा वाईट वाटलं, मोठा तो आहे. पण बोटीवर राहून कोणाला काय मिळालंय?

१६ मार्च, रविवार

गेलं.

शेवटच्या होलपर्यंत सगळं हातात होतं. शेवटचा होल पाच फटक्यांत काढला तरी साठात होतो. दुसरा फटका ग्रीनच्या, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, थोडा मागे गेला. तिथून ग्रीन उताराचं, आणि उतार संपतो तिथे तळं. दादा खड्ड्यातला झेंडा काढून खालच्या बाजूला, पाण्याच्या काठावर उभा. मी तिसरा मारला. हातात बाबाचा आवाज शिरला होता, जरा जोरात बसला. बॉल खड्ड्याच्या बाजूने गेला आणि थांबेना. उतरत उतरत पाण्याकडे.

दादाने पाय आडवा टाकला.

बॉल त्याच्या बुटाला लागून थांबला. दादाने वर बघितलं आणि हसला. अख्ख्या आयुष्यात मी त्याला असं हसताना बघितलं नाही. वाचवला ना, अशा तोंडाने.

बरोबर खेळणारा सरदार डोकं धरून खाली बसला. पंच आले. स्वतःच्या कॅडीने चालता बॉल अडवला की दोन फटके दंड. दादा एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. चांगल्या कानाच्या बाजूला कोणी नव्हतं. तिथून अजून दोन फटके लागले, सात झाले. यादीत बासष्टावा.

सरदार बोलला, पाण्यात गेला असता तरी साधारण एवढंच झालं असतं, त्याचाही दंड असतोच. असेल. पण मला वाटतं काठाला गवत होतं, थांबला असता.

कॅडींच्या शेडमागे दादा बॅग उतरवत होता. मी सहा नंबरची काढली. पहिली मांडीवर. तो बसला नाही. दुसरी पाठीवर. त्याने फक्त तोंड माझ्याकडे वळवलं आणि बोलला, "डोक्यात नको, ॲन्सू. एकच कान राह्यलाय." आणि उजवा हात पुढे धरला. वर नाही, पुढे, द्यायला धरतात तसा. मी त्याच्यावर मारली. ओलं लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. परत मारली. मनगटाच्या वर हाड बाहेर दिसत होतं, बोंबलाच्या काट्यासारखं पांढरं. तिसरी मारताना माळी धावत आले.

नाताळात त्याने एका हाताने दांडी पकडली होती. आज का पकडली नाही, कळत नाही. ताकद त्याच्यात माझ्या दुप्पट आहे.

१८ मार्च

हॉस्पिटलात डॉक्टरने विचारलं. मी तोंड उघडायच्या आधी दादा बोलला, "सीढी से गिरा." हिंदी त्याला धड येत नाही, हे वाक्य मात्र बरोबर बोलला.

सळी घातलीय. डॉक्टर म्हणते हात जुळेल, पण मूठ पहिल्यासारखी वळणार नाही. जाळी ओढायचं काम विसरा. मी विचारलं, डावा तर शाबूत आहे ना? डॉक्टरने माझ्याकडे असं बघितलं की पुरुष असता तर दाखवलं असतं. बाई होती.

क्लबने नाव कायमचं काढलं. कर्नलसाहेब गेटवर आले. वही परत करायला गेलो तर हात मागे घेतले. "रख ले," एवढंच. डोळे लाल होते. माझ्यावर एवढी मेहनत घेतली ती फुकट गेली म्हणून असेल.

२३ मार्च, पाचूबंदर

घरी आलो. बोर्ड अजून आहे, हॉकीच्या काठीवर कावळा बसलेला.

आईने दादाचं प्लास्टर बघितलं. "पडलास?" दादा बोलला, "पडलो." ती आत हळद आणायला गेली. प्लास्टरवर हळद कशी लावणार?

बाबाने विचारलं नाही, बघितलं. आधी दादाच्या हाताकडे, मग माझ्या. माझा उजवा पंजा उचलला, उलटा केला, बोटांच्या मुळाशी फोड आलेले ते अंगठ्याने दाबले.

"यानं?"

दादाने गळ्यातली झोळी नीट केली.

"बोल ना. यानं?"

दादा बोलला, "माजी चूक होती. पाय आडवा टाकला."

बाबा हसला. मला वाटलं मारणार. तयारीत होतो. पण त्याने खांद्यावर हात टाकला. एवढा जड हात. चेंबूरला जाताना पण टाकला नव्हता. "परवापासून बोटीवर ये," बोलला. "हात कमी पडतोय."

गोल्फचं एका शब्दाने विचारलं नाही. साठावा काय, बासष्टावा काय.

३० मार्च

रोज जातोय. फोड फुटून घट्टे पडायला लागले. पहिल्या दिवशी एक शिंगाळा फळीवरून सुटला, माझा पाय आपोआप आडवा गेला. बाबा बोलला, "शिकला."

सहा नंबरची आयर्न बाबाने बोटीवर ठेवलीय. मोठी वाम जाळ्यात आली की चावते, आधी डोकं ठेचावं लागतं. पूर्वी दंडुका होता. बाबा म्हणतो, ही बरी, एका फटक्यात काम. काल जयवंतकाकांच्या खलाशाने आमच्या जागेत बोट लावली. बाबाने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी आयर्न घेऊन उतरलो. त्याने पाया पडून बोट हलवली. आता बंदरावर कोणी गोट्या म्हणत नाही.

आज मोठा रावस लागला. ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस, मटण नाही, म्हणून घरी मासळीवर सगळ्यांचा डोळा. जेवायला बसलो. आईने डोकं बाबाला वाढलं. बाबाने ते दोन बोटांनी उचललं, रस गळत होता, आणि माझ्या ताटात ठेवलं.

दादा समोर बसलेला. उजवा हात गळ्यात, डाव्याला काटे काढता येत नाहीत. आई काटे काढून त्याला शेपटीकडचे घास भरवत होती, लहान पोराला भरवतात तसे. तो माझ्या ताटाकडे बघत नव्हता.

मी खाल्लं. गालाचं मांस सगळ्यात गोड म्हणतात. डोळा चोखला. गाभा खाल्ला. सगळं संपवलं, बाबा बघत होता. चव कसलीच लागली नाही.

मी बोललो, "आय, मीठ कमी हाय."

तिने दादाच्या तोंडाजवळचा घास तसाच धरला. माझ्याकडे बघितलं नाही.

"तुज्या बापाला पन पयल्यांदा तसंच लागलेलं," बोलली. आणि मिठाची बरणी माझ्या पुढे सरकवली.